भीमेपलीकडची मंडळी आणि एक कोंबडी

सुमन, आधी माझ्या अक्षराला पोटभर हसून घे. शाळेत बाई म्हणायच्या, सुगंधाच्या पाटीवरून कोंबडी चालत गेली आहे. चौथीनंतर पाटी सुटली, कोंबडीचे पाय मात्र हातातच राहिले. ऱ्हस्वदीर्घ चुकतील ते तू मनात सुधारून वाच, आणि ही वही कुणाला दाखवू नकोस. तू येऊन माझी मुले सांभाळलीस म्हणून मी बारामती-इंदापूरकडे जाऊ शकले. परत आले तर बगलेत ठिपक्यांची कोंबडी. तू विचारलेस, "अक्का, ही कुठून आणलीस?" आणि मी "मिळाली" म्हणून स्वयंपाकघरात पळाले. तोंडाने मला धड काही सांगताच येत नाही. म्हणून आता लिहिते.

नाताळ तोंडावर आला होता. आपल्या पाळकीणबाई (पाद्रीसाहेबांच्या पत्नी) रविवारी उपासना संपल्यावर बायकांना म्हणाल्या, "इंदापूर तालुक्यात कळसच्या पुढे एका वस्तीवर आपल्या लोकांची लहानशी मंडळी आहे. त्यांचा कापणीचा सण आहे. कोण येते माझ्याबरोबर?" मार्थाकाकू तर सदा तयारच. त्यांच्या मागे कुणी बाई नाही, बाप्या नाही. आणि कसे कोण जाणे, माझाही हात वर गेला. नगर सोडून मी कुठे गेले होते? तुझ्या लग्नाला जालन्याला, बस.

घरी आल्यावर यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई सहज बोलल्यासारखे बोलल्या, "आणि सुगंधा, साक्ष तू द्यायची हं." मंडळीपुढे उभे राहून, देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायचे! येत नाही म्हणून सांगावे, तर तेही तोंडातून निघेना.

सकाळच्या गाडीने नगर सोडले. खिडकीपाशी बसून मी ओठातल्या ओठात साक्ष घोकत होते. दौंडच्या अलीकडे भीमेचा पूल आला. पाणी थोडे, वाळू फार, आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या. मार्थाकाकूंनी नदीला हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाल्या, "लागला गं परमुलूख! मागे गोरे लोक बोटीत बसून आपल्याकडे यायचे उपदेश करायला. आता आपण निघालो. सुगंधे, मडम झालीस तू!"

"काकू, मडमेच्या पायात बूट असतात," मी म्हणाले.

"तुझ्या टाचेला भेगा आहेत, त्या झाकून बस म्हणजे झाले."

दौंडला गाडी बदलली. बारामतीची गाडी पाहून मला हसूच आले. लहान रूळ, लहान डबे, लहान इंजिन. आपल्या धाकट्याने पाहिली असती तर दोरी बांधून घरी ओढत आणली असती. ती शेतांना इतकी खेटून जाते की आमच्या डब्यातल्या एका बाईने खिडकीतून नवऱ्याला हाक मारली आणि तो बांधावरून पळत आला. पळता पळताच त्याने तिला ढाळ्यांची (हिरव्या हरभऱ्याची) पेंढी दिली. "सांच्याला येती का?" त्याने विचारले. "न्हाय, उंद्या!" ती ओरडली. सगळा डबा हसला. तिने आम्हालाही मूठमूठ ढाळे दिले. साक्ष तेवढ्यापुरती विसरले.

बारामती जवळ आली आणि सगळा रंगच पालटला. आपल्याकडे या दिवसांत माती दिसते, तिकडे माती दिसतच नाही. कालव्याचे पाणी काठोकाठ आणि दोन्ही अंगांना ऊस. वारा आला की त्याचा असा आवाज होतो, जणू बायका जरीची लुगडी नेसून घाईने लग्नाला चालल्या आहेत. पाळकीणबाईंच्या ओळखीच्या घरी आमचा मुक्काम होता. संध्याकाळी त्या घरची सून आम्हाला जवळच्या गुऱ्हाळावर घेऊन गेली. मोठ्या कढईत रस उकळत होता आणि जाळ घालायला चिपाडे (रस काढून राहिलेला ऊस). गुळव्या घामाने निथळत होता.

"कुण्या गावच्या पावण्या?" त्याने विचारले.

"नगरच्या," काकू म्हणाल्या.

"नगर! मंग पाण्याच्या जागी काकवीच प्या आता. तिकडं पाणी कुठाय?"

काकू कशाला ऐकतात? "पाणी नाही म्हणून तर आमची माणसे गोड बोलतात," त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी ऊस खाऊन वाकडी नाही बोलत." गुळव्या इतका खूश झाला की त्याने पळसाच्या पानावर गरम गूळ काढून दिला. मी घाईने तोंडात घातला आणि जीभ भाजली. मनात म्हटले, बरे झाले, आता साक्ष टळेल. पण सकाळपर्यंत जीभ बरी झाली.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या मोटारीत बसून कळसच्या फाट्यावर उतरलो. पुढे कालव्याचे पाणी पोचत नाही. ऊस मागे पडला आणि ज्वारीची रोपे, बाभळी, माळ असा आपल्या ओळखीचा मुलूख लागला. मला उगीच माहेरी आल्यासारखे वाटले. फाट्यावर यशवंततात्या बैलगाडी घेऊन उभे होते. हे त्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. पाळक तिथे महिन्यातून एकदाच येतात, बाकी सगळे तात्याच बघतात.

"सलाम, बाईसाब! सलाम, सलाम!" एकेकीला वेगळा सलाम. "बसा. बैल गरीब हायती, गाडी तेवढी द्वाड हाय."

आणि खरेच, ओढ्यात चाक रुतले आणि आम्हा तिघींना उतरून लुगडी खोचून चिखलातून जावे लागले. काकूंची एक वहाण चिखलातच राहिली. "राहू दे," त्या म्हणाल्या, "परमुलुखात काहीतरी ठेवून जावेच लागते."

वस्ती वीसएक घरांची असेल. देऊळ म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पाचटाचे (उसाच्या वाळल्या पाल्याचे) छप्पर. पाचट काढून पत्रे घालायचे त्यांच्या मनात होते. सणाचे पैसे त्याच कामाला जायचे होते. घंटेऐवजी दारात लोखंडाचा तुकडा टांगलेला. पाळकीणबाई आणि काकू तात्यांच्या घरी राहिल्या. मला नेले गयाआईने.

गयाआई सत्तरीची असेल. घर एका खणाचे. चूल, जाते, घोंगडी, दोन मडकी, आणि कोपऱ्यात डालगे (कोंबडी झाकायची टोपली). डालग्याखाली ही आपली ठिपक्यांची. घरात दुसरे माणूस नसल्यामुळे गयाआई तिच्याशीच बोलते. "पावणी आलीया, गप ऱ्हा," ती डालग्याला म्हणाली, आणि आतून खरोखरच आवाज बंद झाला.

जेवायला भाकरी, लसणाची चटणी आणि माझ्या एकटीच्या ताटात अंडे. मी म्हटले, "तुम्ही घ्या ना, आई."

"मला दात न्हाईत."

"अंड्याला दात कशाला लागतात?"

"मंग मला भूक न्हाय. खा गं बाय. लई वटवट करती पावणी!"

सुमन, मला वटवट करणारी म्हणणारे जगात हे पहिलेच माणूस. मला इतका आनंद झाला! रात्री ती दळणाची बाजरी काढताना आधी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकत होती. वर्षभर रोज एक मूठ देवाची, म्हणाली. त्या मडक्याला तिने चुन्याची पांढरी रेघ ओढली होती. माझे डोळे मात्र रेघेकडे गेलेच नाहीत. मला दिसत होते ते रिकामे घर आणि एक कोंबडी.

सकाळी जाग आली तर डालगे रिकामे.

"कोंबडी कुठे गेली, आई?"

"तिच्या जागी," असे म्हणून ती धुतलेले लुगडे नेसू लागली.

लोखंडावर ठोके पडले आणि माणसे निघाली. काय सांगू तुला! आपल्याकडे बाके, पेटी, घड्याळ. तिथे सगळे जमिनीवर, वहाणा बाहेर, लेकरे मांडीवर. डफ आणि टाळ सुरू झाले तेव्हा छपरातल्या चिमण्याच उडाल्या. गाणे आपलेच, पण चाल जात्यावरच्या ओव्यांची. पहिले कडवे मी ऐकत राहिले. दुसऱ्याला माझे हात टाळ्या वाजवू लागले. तिसऱ्याला माझाच आवाज मला ऐकू आला. दारात शेजारच्या मळ्यांतले शेतकरी उभे होते, तेही मान हलवत होते. मला वाटले, इथे तर मी नक्की बोलणार!

शास्त्रवाचन झाले. पाळकीणबाई म्हणाल्या, "आता नगरच्या सुगंधाबाई साक्ष देतील."

मी उभी राहिले. सगळी तोंडे माझ्याकडे वळली. घोकलेले सगळे गेले. मी पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला, आणि खाली बसले. पाळकीणबाईंनी चटकन प्रार्थना सुरू केली. मागच्या बाजूने एक पोर मोठ्याने म्हणाले, "झालं बी?" सुमन, डोळे मिटले होते तरी मला लाजेने सगळे लालच दिसत होते.

मग अर्पण. एकेका घराची बाई आपले मुठीचे मडके घेऊन पुढे यायची आणि चादरीवर धान्य ओतायची. बाजरी पडतानाचा तो आवाज! गयाआईने रेघेचे मडके उपडे केले, तळाला हात मारून शेवटचा दाणाही पाडला. आणि मग मला दिसले. धान्यापलीकडे एक बाज होती. तिच्यावर भोपळे, कांदे, पेंढ्या, अंडी, आणि पायाला चिंधी बांधलेली ठिपक्यांची.

उपासना संपली आणि सगळे अंगणात आले. आता लिलाव. यशवंततात्या बाजेशेजारी दगडावर चढले. तिथली रीत आपल्याकडे नाही, म्हणून नीट सांगते. त्यांनी एक अंडे उचलले. कुणीतरी दोन आणे बोलले, घेतले, पैसे दिले, आणि अंडे परत बाजेवर ठेवले. तेच अंडे पुन्हा लिलावात! दुसऱ्याने तीन आणे दिले, त्यानेही परत ठेवले. भोपळ्याचे तसेच. मी काकूंना कोपराने ढोसले, "हे काय?"

"देतात परत," काकू म्हणाल्या. "मन मोठे आहे लोकांचे."

मी तेवढेच डोक्यात धरले. घ्यायचे आणि परत द्यायचे.

शेजारच्या मळ्याचे गणपतराव दरवर्षी लिलावाला येतात. चांगले बागाईतदार, पिळदार मिशा. तात्या त्यांना चिडवत होते, "राव, देव आमचा आन खरेदी तुमची?"

"देव तुमचा असंल," गणपतराव म्हणाले, "कोंबड्या आमच्या शिवारात चरत्यात. आना ती ठिपक्यांची! म्हातारीची कोंबडी येकबी दिस खाडा करीत न्हाय."

कोंबडी वर आली. बोली दोनवर गेली. गयाआई पुढेच बसली होती, मान ताठ. मला ते डालगे दिसू लागले, आणि संध्याकाळी डालग्याशी बोलायला जाणारी ती म्हातारी. माझ्या पदराच्या गाठीला दोन रुपये होते. गणपतराव अडीच बोलले.

"तीन!"

कोण बोलले म्हणून मी इकडे तिकडे पाहिले. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"आरं तिच्या! मुकी पावणी बोलली," कुणीतरी म्हणाले. गणपतरावांनी मिशीवर हात फिरवला. "साडेतीन."

"चार!"

"साडेचार. बाई, नगरला कोंबड्या न्हाईत व्हय?"

"पाच!" मी इतक्या जोरात ओरडले की कोंबडीनेच पंख फडफडवले. सगळे अंगण हसले. गणपतरावांनी हात जोडले, "घ्या बाई. तुमच्याशी कोन लढंल?" काकूंनी न विचारताच तीन रुपये माझ्या मुठीत कोंबले. मी पाच रुपये दिले, कोंबडी छातीशी धरली. अंगात वारे भरले होते नुसते! तशीच सरळ गेले आणि ती गयाआईच्या मांडीवर ठेवली.



गयाआईने दोन्ही हात वर घेतले, जणू मांडीत निखारा पडला. "हे काय गं?"

"तुमची कोंबडी, आई. तुम्हालाच."

"माझी? माझी कशी? मी तर सकाळी दिली."

"तिला ठावं न्हाय, आई," तात्या दगडावरून उतरत म्हणाले, "पावणी हाय."

"घे की म्हातारे," गणपतराव हसत म्हणाले, "फुकाट मिळतीया."

"फुकाट घ्याया मी भिकारीण हाय व्हय रं गणपा?" ती अशी कडाडली की गणपतराव एक पाऊल मागे सरले. मग तिने माझ्याकडे पाहिले. रागापेक्षा दुखलेले डोळे होते ते. "वरीसभर ह्या वस्तीत मी समद्यांचं घेती. येक दिस असा येतो का मी बी देती. समद्यांच्या संगं, समद्यांसारखी. आन तू मला चारचौघांत पुन्ना घेणारी केलीस."

पाळकीणबाई माझ्या कानाशी आल्या. "बाजेवर ठेवायची असते गं परत. देवाकडे. जिने दिली तिच्याकडे नाही."

सुमन, मला त्या ओढ्याच्या चिखलात गाडून घ्यावेसे वाटले. कोंबडी आपली गयाआईच्या पायाशी ओळखीने बसून राहिली, तिला काय कळते. मी रडवेली होऊन म्हटले, "चुकले, आई."

"मला काय सांगतीस? मला ठावं हाय तू चुकलीस." तिने हात अंगणाकडे फिरवला. "त्यास्नी सांग. उभी ऱ्हा. म्हातारीनं दिलं ते दिलं, आसं तुझ्या तोंडानं सांग."

मी उभी राहिले. या वेळी घोकलेले काही नव्हते. मी म्हणाले, "ही कोंबडी गयाआईंनी देवाला दिली आहे. ती त्यांना परत करणारी मी कोण? काल मी त्यांच्या घरी जेवले. घरात होते ते अंडे त्यांनी मला वाढले. मी घर रिकामे पाहिले आणि मला त्यांची कीव आली. देणारी बाई मला दिसली नाही. इतक्या लांबून मी द्यायला म्हणून आले, आणि दिले सगळे यांनीच. देवाने माझ्यासाठी काय केले ते सकाळी मला सांगता आले नाही. आता सांगते. त्याने मला काल रात्री यांच्या घरी पाठवले."

"आमेन!" मार्थाकाकू ओरडल्या. "झाली की गं साक्ष!"

मग सगळेच आमेन म्हणाले. शेजारच्या मळ्यांतल्या शेतकऱ्यांनीही म्हटले. मी कोंबडी उचलून बाजेकडे निघाले, तर गयाआईने माझा पदर धरला.

"न्हाय. तीनदा बोलली, पाच दिलं, आता ती तुजी. नगरला न्हे. पर कापू नगंस."

"आयला," यशवंततात्या म्हणाले, "आपल्या वस्तीची कोंबडी नगरला मिशनरी निघाली!" आणि जे हसू फुटले त्यात गयाआईचे बिनदाती तोंडही होते. तिने मला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करून दिली. मी मुकाट्याने घेतली. घेणेही शिकावे लागते, बाई.

दुसऱ्या दिवशी पाळकीणबाईंना इंदापुरात काम होते. गयाआईने फडके बांधून दिलेले डालगे बगलेत घेऊन मी बाजारपेठेतून चालले, आणि दर दहा पावलांवर माणूस आडवा. "बाई, कितीला?" पहिल्याला मी मानेनेच नाही म्हटले. तिसऱ्याला म्हणाले, "विकायची नाही." पाचव्याला म्हणाले, "दादा, ही साधी कोंबडी नाही, कामावर निघाली आहे." काकू हसून हसून पानवाल्याच्या फळीवर टेकल्या. "भीमा ओलांडायच्या आधी ही बोलतच नव्हती हो," त्या पानवाल्याला सांगू लागल्या.

बारामतीहून लहान गाडीत बसलो आणि डालग्यात एकदम आरडाओरडा सुरू झाला. फडके उचलले तर अंडे! समोरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. "भलतीच इमानी हाय. भाडं चुकतं केलं तिनं." अंडे मी रुमालात गुंडाळून आणले. आठवतेय? तुझ्याच हातात दिले होते.

पूल आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. भीमेच्या वाळूवर शेवटचे ऊन होते. जाताना मला वाटले होते, आपण काहीतरी घेऊन परमुलुखात चाललो आहोत. आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. परत येताना डालग्यावर हात ठेवून बसले होते आणि तो परमुलूख कुठे सुरू होतो हेच मला सांगता येईना.

मुलांनी कोंबडीचे नाव बारामतीकरीण ठेवले आहे. थंडीत एक दिवस खाडा नाही, गणपतराव खोटे बोलले नव्हते. शेजारच्या घरांत अंडी जातात, आणे डब्यात पडतात. जमले की मी ते मार्थाकाकूंच्या तीन रुपयांपोटी त्यांना नेऊन देते. पहिल्याच खेपेला त्या हात झटकून म्हणाल्या, "वेडी की काय! मी का मागितले? राहू दे तुला."

मी म्हटले, "घ्या, काकू. मला घेणारी करू नका."

त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. त्यानंतर कधी नको म्हणाल्या नाहीत. काल शेवटचे चार आणे घेऊन गेले. काकूंनी ते दोनदा उलटसुलट करून पाहिले, पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, "फिटले गं, सुगंधे. सगळे फिटले."